वाड्यावरची शाळा आणि वाड्याचे मत
(महाजनांच्या मेळाव्यात वाचलेले भाषण)



देवस्थानाचा स्मृतिग्रंथ निघावयाचा म्हटला की त्यात काय काय यावयाचे हे बहुधा आधीच ठरलेले असते. देवतेचे मूळ स्थान, स्थलांतराची कथा, जीर्णोद्धाराचा वृत्तांत, वार्षिक उत्सवांची सूची, कुळांची व वांगडांची माहिती आणि अखेरीस देणगीदारांची नामावली. या सर्वांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु तळीच्या पलीकडे, नळ्यांच्या छपराखाली जी मराठी प्राथमिक शाळा दोन-तीन पिढ्या उभी आहे, तिच्या वाट्याला अशा ग्रंथांत सहसा चार ओळीही येत नाहीत. देवळाचा वाडा देवळामुळे वसला हे खरे. तथापि त्या वाड्यातील निरनिराळ्या घरांची एकमेकांस ओळख पटली ती पुष्कळ अंशी शाळेमुळे. म्हणून आजच्या प्रसंगी या शाळेविषयी, आणि ती ज्याच्या बळावर उभी राहिली व ज्याच्यामुळे आज ओस पडत चालली आहे त्या वाड्याच्या मताविषयी, काही विचार महाजनांपुढे ठेवणे अप्रस्तुत ठरणार नाही.

ही शाळा कोणा एका गावची म्हणून येथे सांगावयाची नाही. अंत्रूज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात, मंगेशी, म्हार्दोळ, बांदिवडे, रामनाथी, कवळे अशा देवळांच्या वाड्यांतून जो फिरला असेल त्याला वाड्याची ठेवण ठाऊक आहे. मध्यभागी देऊळ, पुढे दीपस्तंभ, बाजूस तळी, सभोवार अग्रशाळा. त्यापलीकडे भट-पुरोहितांची, महाजनांची, देवळाच्या सेवेकऱ्यांची आणि कुळागरांत व शेतांत राबणाऱ्या कुळांची घरे. पहाटे चौघडा वाजला की वाडा जागा होई, पोदेराच्या भोंग्याबरोबर चुली पेटत, आणि शाळेची घंटा झाली की बायकांच्या कामाला जोर चढे. घड्याळ ज्या घरात नव्हते त्या घराची पेजेची वेळदेखील शाळेच्या मधल्या सुट्टीवरून ठरे.

शाळा ही केवळ धडे गिरवण्याची जागा नव्हती. कोणाच्या घरी कोणी आजारी असल्याची वार्ता प्रथम मास्तरांना कळे, कारण त्या घरचे मूल त्या दिवशी आलेले नसे. मुंबईस गेलेल्या मुलाची मनिऑर्डर आली की अक्षरशत्रू आई ती घेऊन मास्तरांकडे जाई, आणि उत्तराचे पत्रही तेथेच लिहून घेई. एका वाडीचा निरोप दुसऱ्या वाडीस मुलांच्या तोंडून जाई. आश्विनातील सरस्वतीपूजनाला घराघरांतून फुले, नारळ आणि चुरमुरे येत, आणि त्या दिवशी वाड्यातील यच्चयावत माणूस एकदा तरी शाळेची पायरी चढे.

आता या शाळेचा उगम पाहू लागले म्हणजे इतिहासात थोडे मागे जावे लागते. १६व्या शतकात तिसवाडी, साष्टी व बारदेश या जुन्या काबिजादींत देवळे पाडली गेली, आणि कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेरण्याची म्हाळसा ही दैवते भक्तांनी नदीपलीकडे अंत्रुजात आणली. १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढून स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्यासाठी लोकांस ३ वर्षांची मुदत दिली. अंत्रूज महाल पोर्तुगिजांच्या ताब्यात आला तो १७६३ साली. तोवर धर्मांतराचा आवेश ओसरला होता, आणि नव्या काबिजादींत लोकांचे देव, रीतिरिवाज व भाषा पुष्कळशी जागच्या जागी राहिली. अक्षरओळखीची सोय मात्र सरकारने केलेली नव्हती. ती शेणवीमामा करीत. ओसरीवर धूळपाटी, तीवर बोटाने गिरवलेली अक्षरे, उजळणी, पाढे आणि मोडी वाचन, इतकाच तो अभ्यासक्रम. मोबदला म्हणजे तांदूळ, नारळ, सणासुदीला धोतर. ही शिकवणीदेखील ज्यांच्या ओसरीवर पाऊल ठेवता येई त्यांच्याच मुलांना मिळे, हे येथे विसरता कामा नये.

५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, दुसऱ्या वर्षी धर्म आणि राज्य यांची फारकत झाली, आणि गोव्यातील हिंदूंना नागरिकत्वाचे समान हक्क मिळाले. यापुढील ८-१० वर्षांत गोमंतकात शाळा व वाचनालये यांचे जणू पेवच फुटले. १९११ साली फोंड्यास गोवा विद्याप्रसारक मंडळ स्थापन झाले व त्याचे आल्मैद विद्यालय नावारूपास आले. १९१२ साली मडगावात गोमंत विद्या निकेतन उभे राहिले. पणजीत मुष्टिफंडाची शाळा चालली. घरोघरी रोजच्या तांदळांतून एक मूठ बाजूस काढावयाची आणि त्यावर शाळा चालवावयाची, ही कल्पनाच किती घरगुती आणि किती दूरदर्शी होती! खेड्यांतून एवढ्या मोठ्या संस्था निघणे शक्य नव्हते. तेथे अग्रशाळेची एखादी खोली, देवळाच्या चौकातील ओटा किंवा महाजनाच्या घराची पडवी हीच शाळा झाली.

त्याच काळी सरकारी पोर्तुगीज शाळाही होती. तिला वाड्यात एश्कोल म्हणत. प्रिमेर ग्राव, सेगुंद ग्राव या परीक्षा दिल्या की लहानसहान सरकारी नोकरीचे दार किलकिले होई. ज्याची ऐपत असे त्याने पुढे पणजीच्या लिसेवात ७ वर्षांचा अभ्यास करावा आणि मामलेदार कचेरीत, टपालखात्यात वा न्यायालयात लेखणी धरावी. कित्येक मुले दिवसाचा अर्धा भाग एश्कोलात आणि अर्धा मराठी शाळेत काढीत. घरी बोलणे कोंकणी, देवळात आरत्या व कीर्तन मराठी, कचेरीत अर्ज पोर्तुगीज. त्या मुलांच्या डोक्यात या तीन भाषांची कधी मारामारी झाल्याचे ऐकिवात नाही. पोर्तुगीज पोटासाठी लागते हे वाड्यास पक्के ठाऊक होते. परंतु त्यासाठी मराठी शाळा बंद करावी असे कोणी म्हटले नाही. पोट आणि मन यांची सोय निरनिराळ्या ठिकाणी लावता येते, हे त्या पिढीने कोणाचा सिद्धांत न वाचता आचरणात आणले होते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि २० डिसेंबर १९६३ रोजी दयानंद बांदोडकर यांचे पहिले लोकनियुक्त मंत्रिमंडळ अधिकारावर आले. भाऊसाहेबांच्या कारकिर्दीत खेडोपाडी सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. जेथे इमारत नव्हती तेथे वाड्याने जागा दिली. कोठे अग्रशाळा, कोठे रिकामे घर, कोठे देवळाचा मांडव. वाड्यावरची जी शाळा आज दिसते ती बहुतेक ठिकाणी या काळातली आहे. तिने एक गोष्ट अशी केली की जी शेणवीमामांच्या ओसरीवर कधी झाली नव्हती. महाजनाचे मूल, पुजाऱ्याचे मूल, देवळात सेवा करणाऱ्याचे मूल आणि कुळागरात शिंपण करणाऱ्या गावड्याचे मूल एकाच बाकावर बसले.

हे सर्वांना सुखाने पटले असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. वाड्याचे मत तेव्हाही एक नव्हते. काही वडीलधाऱ्यांनी नाके मुरडली. आपल्या मुलाने वेगळ्या तांब्यातून पाणी प्यावे अशी ताकीद देऊन काहींनी मुले पाठवली. परंतु मुले पाठवली, ही गोष्ट महत्त्वाची आहे. पाठवल्यावर पुढचे काम मुलांनीच केले. तळीत पोहताना, काजूच्या बियांचा खेळ मांडताना, पावसात एका इरल्याखाली घरी जाताना तांब्याची ताकीद कोणाच्याच ध्यानात राहिली नाही. ज्या वर्षी वाड्यातील सर्व थरांची मुले एका वर्गात होती, त्या वर्गातील माणसे आज वृद्ध झाली तरी एकमेकांस एकेरी नावाने हाक मारतात. देवळाच्या मानपानावरून पुढे कोर्टकज्जे झाले तेव्हाही त्यांतील कित्येकांचे बोलणे बंद पडले नाही.

जत्रेच्या नाटकांचेही असेच. गोमंतकात जत्रा म्हटली की रात्री रंगमंचावर मराठी नाटक आलेच, आणि ते हौशी मंडळींनीच करावयाचे. दिवसा दुकान, कचेरी, शेत सांभाळणारा माणूस रात्री संगीत नाटकातील राजा होई. त्याला नक्कल पाठ करता येई, शुद्ध उच्चारता येई, पल्लेदार वाक्य न अडखळता म्हणता येई; कारण लहानपणी मास्तरांनी त्याला उभे करून मोठ्याने धडा वाचावयास लावला होता. नाटकाची पहिली तालीम खरे पाहता शाळेतच होत असे.

इतके झाल्यावर वाड्याच्या मताकडे वळावयास हवे. वाड्याचे मत म्हणजे काय? ते कोणत्याही ठरावाच्या वहीत लिहिलेले नसते. आरती झाल्यावर सोप्यावर, न्हाव्याच्या खुर्चीवर, पोसऱ्याच्या फळीशी आणि बसची वाट पाहताना ते तयार होते. देवस्थानचा कारभार १९३३च्या नियमावलीप्रमाणे चालतो. त्याला इतिवृत्त आहे, अंदाजपत्रक आहे, वर मामलेदार आहेत. वाड्याच्या मताला यांपैकी काहीच नाही. तरीही देवस्थानच्या ठरावापेक्षा त्याची अंमलबजावणी अधिक तत्परतेने होते.

या सोप्यावर भाषेची चर्चा किती रंगली! १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला आणि विलीनीकरण ३४,०२१ मतांच्या फरकाने फेटाळले गेले. त्या दिवसांत एकाच घरातील दोन भाऊ दोन खुणांचे झेंडे घेऊन निघाले होते. १९८५ ते १९८७ या काळात राजभाषेचे आंदोलन झाले. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा कायदा संमत होऊन देवनागरी कोंकणी राजभाषा झाली व मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. ३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य बनले. या वादात दोन्ही बाजूंना विद्वान होते, दोन्ही बाजूंना तळमळ होती आणि दोन्ही बाजूंनी कटू शब्दही गेले. त्या वादाचा निवाडा करणे हे या भाषणाचे काम नव्हे. घरची कोंकणी आणि शाळेची मराठी या एका अंगणात वाढलेल्या बहिणी आहेत. त्यांच्या नावाने भांडणे झाली, पण त्या एकमेकींवर रुसल्याचे दिसत नाही.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. सोप्यावर ही चर्चा चालू असताना, चर्चा करणाऱ्यांच्या घरची मुले सकाळी कोठे जात होती? १९९० साली सरकारने प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून वा प्रादेशिक भाषेतून शिकवणाऱ्या शाळांनाच अनुदान देण्याचा निर्णय केला. २०११ साली इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचे ठरले आणि पुनरपि मोठे आंदोलन झाले. सभा झाल्या, मोर्चे निघाले, वाड्यातून गाड्या भरून माणसे गेली. परंतु ज्या गाडीतून मंडळी मराठीच्या सभेला गेली, त्याच गाडीतून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची नातवंडे शहरातील इंग्रजी शाळेत गेली, अशी उदाहरणे वाड्यावाड्यांत सापडतील. मराठी की कोंकणी असा वाद सोप्यावर चालला होता आणि निकाल स्वयंपाकघरात इंग्रजीच्या बाजूने कधीच लागून गेला होता.

शाळेत जनरल रजिस्टर नावाचे एक जाड पुस्तक असते. प्रत्येक मुलाचे नाव, जन्मतारीख, प्रवेशाचा दिनांक, शाळा सोडल्याचा दिनांक आणि सोडण्याचे कारण अशी त्यात सदरे असतात. लेखणी चालवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला अशा पुस्तकातून पुष्कळ वाचता येते. जुन्या पानांवर शाळा सोडण्याचे कारण म्हणून चौथी उत्तीर्ण, वडिलांची बदली, गाव सोडले, घरकामासाठी असे शेरे आढळावयाचे. पुढे पुढे एकच शेरा वारंवार येऊ लागतो: दुसऱ्या शाळेत प्रवेश. आणि त्यानंतरच्या पानांवर तोही शेरा विरळ होतो, कारण वाड्यातील घरांची नावेच प्रवेशाच्या सदरात येईनाशी होतात.

हे एका दिवसात झाले नाही. त्याचा क्रम साधारणतः असा. प्रथम एका सुस्थितीतल्या घराने, बहुधा महाजनाच्याच, मूल फोंड्याच्या वा पणजीच्या इंग्रजी शाळेत घातले. शेजारच्या घराने ते पाहिले. तिसऱ्या घरच्या सुनेला माहेरी विचारणा झाली. मग ज्यांनी मूल वाड्यावरच्या शाळेत ठेवले होते त्यांना आपण मुलाचे नुकसान तर करीत नाही ना, अशी रुखरुख लागली. पट कमी झाला तेव्हा शिक्षक कमी झाले. एका शिक्षकाकडे दोन-दोन, क्वचित चारही वर्ग आले. मग शिकवणे नीट होत नाही हे एक नवे आणि खरे कारण मिळाले. दारातून शाळेची पिवळी गाडी जाऊ लागली, आणि दोन शेते ओलांडून चालत जाण्याची शाळा त्या गाडीपुढे केविलवाणी दिसू लागली. शेवटी, तेथे आता कामगारांचीच मुले जातात, हे वाक्य उच्चारले गेले. हे वाक्य ज्या दिवशी सोप्यावर प्रथम बोलले गेले त्याच दिवशी त्या शाळेचे भवितव्य ठरले. पुढे सरकारने कमी पटाची म्हणून ती शेजारच्या शाळेत विलीन केली असेल, तर ती केवळ कागदावरची नोंद होय. सरकारला दोष देणे सोपे आहे आणि काही अंशी तो योग्यही असेल. परंतु जी शाळा सरकारने वाड्याला दिली ती वाड्यानेच प्रथम सोडली, हे मान्य करावयास हवे. आणि वाड्यात प्रथम ज्यांनी सोडली ते ज्यांच्याकडे पाहून इतर वागतात असे लोक होते, हेही.

याचा अर्थ आईबापांना अपराधी ठरवावे असा नव्हे. त्यांचे म्हणणे नीट ऐकून घेतले पाहिजे. गोव्यात पाचवीपासून शिक्षण बहुतांशी इंग्रजीतून होते. चार वर्षे मराठीत शिकलेले मूल पाचवीत गेले की गणित, विज्ञान, इतिहास सारे अकस्मात परक्या भाषेत त्याच्यापुढे येते. ज्या बापाने स्वतः त्या पाचवीच्या वर्गात मान खाली घालून दिवस काढले, त्याला आपल्या मुलावर ती पाळी येऊ नये असे वाटले तर त्याला भाषाद्रोही म्हणणे अन्यायाचे आहे. पूर्वी सेगुंद ग्राव झाल्याशिवाय नोकरी नव्हती. आज इंग्रजीशिवाय नाही. आजोबांनी पोटासाठी पोर्तुगीज शिकली, नातवाने इंग्रजी शिकू नये हे कोणत्या तोंडाने सांगावे?

फरक आहे तो एवढाच की आजोबांनी पोर्तुगीज शिकताना मराठी शाळा सोडली नाही. त्यांना दोन्ही आल्या. आज पुष्कळ घरांत असे दिसते की मुलाला इंग्रजीतून परीक्षा देता येते, पण आजीला एखादी पोथी वाचून दाखवता येत नाही. आरती पाठ असते, परंतु पुस्तकातील आरतीची अक्षरे लावताना ते अडखळते. जत्रेच्या नाटकाची नक्कल काही ठिकाणी रोमी अक्षरांत लिहून द्यावी लागते. अनुभवी शिक्षकांचे सांगणे असे की ज्या मुलाला आपल्या भाषेत वाचून समजण्याची सवय लागली, ते दुसऱ्या भाषेतही अर्थ शोधू लागते. ज्याला ती सवयच नाही ते दोन्हींकडे घोकंपट्टी करते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या वा स्थानिक भाषेतून शिकवावे असेच सुचवले आहे. तेव्हा इंग्रजी हवी की नको हा प्रश्न नाही. मराठी शाळेतच इंग्रजी उत्तम शिकवली जाईल अशी व्यवस्था का झाली नाही, हा प्रश्न आहे. आणि तो विचारावयाला शाळेत ज्यांची मुले आहेत असे वजनदार पालकच उरले नाहीत, ही खरी अडचण आहे.

आता त्या शाळेत आज कोण आहे हेही पाहिले पाहिजे. कुंडई, मडकई, बेतोडा येथे औद्योगिक वसाहती झाल्या. तेथे काम करण्यासाठी कर्नाटकातून आणि त्याही पलीकडून कुटुंबे आली. त्यांची मुले वाड्यावरच्या शाळेत बसतात. घरी ती कानडी बोलतात, कोणी लमाणी, कोणी हिंदी. सकाळी प्रार्थना मराठीतून म्हणतात, वर्गात मराठी वाचतात आणि मधल्या सुट्टीत महिला स्वयंसाहाय्य गटाने आणलेली पाव-भाजी खाताना वाड्याच्या कोंकणीत भांडतात. ज्या मराठी शाळेसाठी महाजनांच्या आजोबांनी मुठीमुठीने तांदूळ जमवले, त्या शाळेचा दिवा आज या मुलांनी तेवत ठेवला आहे. ती नसती तर दाराला केव्हाच कुलूप लागले असते. आणि कामगारांचीच मुले हे शब्द ज्यांच्याविषयी तुच्छतेने उच्चारले जातात ती हीच मुले. एके काळी वेगळ्या तांब्याची ताकीद देणाऱ्या वडीलधाऱ्यांना जे नातवंडे हसली, त्याच नातवंडांनी मोठेपणी हा नवा तांब्या हाती घ्यावा, हे शोभणारे नाही.

यातून वाड्याचे जे नुकसान झाले ते केवळ भाषेचे नव्हे. पाच घरांची पाच मुले पाच गाड्यांतून पाच शाळांत जातात. संध्याकाळी परतल्यावर शिकवणी. एकाच वाड्यात राहून त्यांची ओळख पालखीच्या दिवशी करून द्यावी लागते. पालखीला खांदा देण्यास माणसे कमी पडतात, भजनाला साथ मिळत नाही, अशी तक्रार महाजनांच्या बैठकीत वरचेवर निघते. त्यावर उपाय म्हणून वर्गणी वाढवण्याचा आणि बाहेरून मंडळी आणण्याचा ठराव होतो. परंतु खांद्याला खांदा लावण्याची सवय लहानपणी एका बाकावर लागते. ती मागाहून ठरावाने लावता येत नाही.

मग करावे काय? मोठमोठ्या सूचना करण्याचा हा प्रसंग नव्हे. आणि पणजी, मुंबई वा त्याहून दूर स्थायिक झालेल्या महाजनांनी नातवंडांना वाड्यावर आणून शाळेत घालावे असे म्हणणे हास्यास्पद होईल. परंतु काही गोष्टी हाताच्या अंतरावर आहेत. अग्रशाळेच्या खोल्या वर्षातील पुष्कळ दिवस रिकाम्या असतात. त्यांतील एकीत संध्याकाळी दोन तास वाचनाची व अभ्यासाची सोय होऊ शकते. तेथे इंग्रजीचा चांगला शिक्षक महाजनांच्या वर्गणीतून नेमता येईल, म्हणजे पाचवीच्या उंबरठ्यावर अडखळण्याचे भय कमी होईल आणि मराठी शाळेत मूल ठेवण्यास पालकांना धीर येईल. निवृत्त झालेली कितीतरी माणसे वाड्यात आहेत. आठवड्यातून एक दिवस शाळेत जाऊन मुलांकडून मोठ्याने धडा वाचून घेणे त्यांना जड नाही. २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद केली आहे. ज्यांची मुले तेथे आहेत त्या कामगार आईबापांना कागद वाचण्यास, अर्ज लिहिण्यास, वरिष्ठ कचेरीत पाठपुरावा करण्यास मदत करणे हे तर जुन्या मास्तरांनी मनिऑर्डरी लिहून देण्यासारखेच काम आहे. सरस्वतीपूजनास महाजनांनी पाहुणे म्हणून नव्हे, पूर्वीप्रमाणे फुले घेऊन जावे. आणि ज्या जत्रेच्या नाटकास माणसे मिळत नाहीत, त्यातील एखादी भूमिका शाळेतल्या त्या मुलांना द्यावी. त्यांचे आडनाव कोणते हे रंगभूमी विचारीत नाही.

सर्वांत कठीण सूचना शेवटी. ज्यांचे बिऱ्हाड अजून वाड्यावरच आहे आणि ज्यांच्या घरी या वर्षी पहिलीत जाणारे मूल आहे, अशी दोन-तीन महाजन कुटुंबे प्रत्येक वाड्यात असतील. त्यांनी गाडीची वाट पाहण्यापूर्वी एकदा वाड्यावरच्या शाळेत जाऊन यावे. मास्तरांशी वा बाईंशी बोलावे, वर्गात बसून पाहावे, उणे असेल ते सांगावे. मग हवा तो निर्णय घ्यावा. तो निर्णय मुलाच्या हिताकडे पाहूनच व्हावा. भाषेच्या अभिमानासाठी कोणत्याही मुलाचा बळी देण्याचे कारण नाही. परंतु न पाहता, केवळ सोप्यावरच्या एका वाक्यावरून तो होऊ नये. एका घराने मूल काढले तेव्हा वाड्याचे मत बदलले, हे सर्वांनी पाहिले आहे. एका घराने मूल घातले तर ते पुन्हा बदलणार नाही असे कोणी सांगावे?

महाजनहो, दैवतांची मूळ देवळे पडली तेव्हा भक्तांनी मूर्ती उचलून नदी ओलांडली आणि अपरिचित गावात त्यांची पुनःस्थापना केली. त्या घटनेचा अभिमान या ग्रंथाच्या पानोपानी व्यक्त झाला आहे आणि तो सार्थ आहे. आजच्या पिढीला नदी ओलांडावयाची नाही. तळीला वळसा घालून शाळेच्या पायरीपर्यंत जावयाचे आहे. तेवढी बुद्धी व तेवढे बळ देवतेने सर्वांना द्यावे, अशी तिच्या चरणी प्रार्थना करून हे भाषण येथे पुरे होते.